कंट्रोलच्या बटनाखाली पेढा

बोलतोय, बोलतोय. जरा दम धरा की! मी कीबोर्ड बोलतोय, आणि माझ्या मर्जीनं बोलत न्हाय हे आधी लिहून घ्या. ईट गावच्या ह्या घरात दुपारच्याला गावातल्या पोरी कॉम्प्युटर शिकायला येतात. त्यांना पहिल्या दिवशी वाचायला काहीतरी पाहिजे म्हणून मला बोलायला लावलंय. म्या सांगायचं आणि शिवरंजनीनं टाइप करायचं. टाइप कशावर करायचं? माझ्याच अंगावर! म्हणजे बोलायचं बी म्या आणि मार बी म्याच खायचा. असली कुठं रीत असती का?

पण करार झालाय. म्या सांगीन ते तिनं जसंच्या तसं टाइप करायचं, मधी स्वतःचं शहाणपण घालायचं न्हाय. शेवटाला मी काय सांगणार हे तिला अजून ठाऊक न्हाय. बसू दे तशीच.

मी कुठं जन्मलो ते मला ठाऊक न्हाय. डोळे उघडले तवा मी खोक्यात होतो, आणि खोकं धाराशिवला कोर्टासमोरच्या एका टपरीत होतं. शाळा म्हणाल तर माझ्या अंगावर छापलेली अक्षरं, तेवढीच माझी शाळा. इंग्रजी अक्षरं कारखान्यानं छापलेली, मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मागनं बाबूरावांनी लावलेल्या.

बाबूराव म्हणजे माझे पहिले मालक. टपरीत बसून प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार टाइप करायचे. पांढरा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा, शेजारी चहाचा ग्लास. त्यांचं निम्मं आयुष्य लोखंडी टाइपरायटरवर गेलेलं, त्यामुळं बोटं अशी पडायची की शेजारच्या टपरीतला माणूस विचारायचा, "बाबूराव, खिळा ठोकताय की अर्ज लिहिताय?" त्यावर बाबूराव म्हणायचे, "हळू मारलं तर सरकारला ऐकू जात नाही."

माणूस सोन्यासारखा. पण सत्यप्रतिज्ञेवर सांगतो, माझ्यात काय भरलंय हे त्यांना कधी कळलंच न्हाय. मला तरी कुठं कळलं होतं म्हणा! एकदा एका लांबलचक अर्जात रामलिंगच्या जागी सोमलिंग पडलं. एका जागी न्हाय, सगळ्या अर्जभर. बाबूराव बिचारे चष्मा पुसून पुसून एकेक सोमलिंग शोधत बसले. सापडला की खोडायचा, रामलिंग मारायचा, परत पुढं. एक सोमलिंग राहिलाच. कोर्टात वकील बोंबलला. आता वाटतं, कंट्रोल आणि एच ही दोन बटनं त्यांनी एकदा जोडीनं दाबली असती, तर 'हे शोध आणि त्या जागी हे घाल' एवढं काम म्या डोळ्याचं पातं लवतंय तवर करून दिलं असतं. पण सांगणार कोण? अडाण्याला अडाणी भेटला की असंच व्हतं.

माझ्या डाव्या अंगाला, पार खालच्या कोपऱ्यात एक बटन आहे. कंट्रोल. बाबूराव ते फक्त कागद छापायच्या वेळी दाबायचे. बाकीची अक्षरं घासून घासून पुसट झाली, हे आपलं नव्या भांड्यागत चकाचक. मला वाटायचं, हे बटन उगं जागा अडवून बसलंय. फुकटचं खातंय.

पुढं बाबूरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि टपरी बंद करायची वेळ आली. त्या वक्ताला कॉलेजातली एक पोरगी त्यांच्याकडं कागद छापायला यायची. हीच ती शिवरंजनी. तिच्याकडं जुना लॅपटॉप होता, पण घरी खव्याच्या भट्टीजवळ ठेवला तवा दूध उतू गेलं आणि लॅपटॉपच्या अंगची बटनं मेली. बाबूरावांनी मला फडक्यानं पुसलं आणि तिच्या पिशवीत घातलं.

"घेऊन जा, बाई. माझे डोळे बसले, पण ह्याची एक कळ बसलेली नाही. टाकू मात्र नकोस."

"न्हाय टाकणार, काका," ती म्हणाली.

ध्यानात ठेवा हे वाक्य. पुढं कामाला येणार आहे.

एस्टीत मेथीच्या जुडीखाली बसून मी ईटला आलो. दारातच तिचे वडील शंभुलिंगअप्पा उभे. मिशा हाय पण हसू न्हाय, असा माणूस. मला पिशवीतनं काढून उलटंसुलटं केलं, हलवून बघितलं.

"हे काय आणलंस? भंगारवाला बी हात लावायचा न्हाय ह्याला."

"अप्पा, वायर जोडली की चालतंय ते."

"बैल बी चालतोय. म्हणून घरात घेतीस का त्याला?"

पोरीची आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं तिच्या आज्जीनं, गौराबाईनं. गौराबाई दिवसभर भट्टीवर बसून दुधाचा खवा करायची. कढईतलं उलथणं तिच्या हातात असं फिरायचं की मला माझ्या जुन्या मालकाची बोटं आठवायची. शिवरंजनीला नोकरी पाहिजे होती, पण आज्जीला सोडून जायचं न्हवतं. घरी बसून कॉम्प्युटरवर काम करायचं, एवढाच तिचा हट्ट. अप्पांनी सांगून टाकलेलं, "दसऱ्यापर्यंत बघतो. तवर जमलं तर जमलं. न्हाय तर पुण्याला आत्याकडं जायाचं आणि कारखान्यात पॅकिंगला लागायचं. आणि हे डबडं भंगारात."

डबडं म्हणजे मी. म्हणजे तिचं आणि माझं नशीब एकाच दाव्याला बांधलेलं.

आणि मग, काय सांगू तुमाला! माझ्यासारख्या म्हाताऱ्याला पंख फुटले!

पहिल्याच दिवशी तिनं चार ओळी टाइप केल्या, त्या चुकल्या, आणि तिनं कंट्रोल आणि झेड दाबलं. चुकलेलं गेलं, आधीचं परत आलं! मी थरारलो. आयुष्यभर म्या चुका छापल्या, त्या मागं घेता येतात हे मला कुणी सांगितलं न्हवतं. बाबूराव अर्जावर खाडाखोड करून शेजारी सही घ्यायचे हो! इथं दोन बटनांत झालेलं न झालेलं व्हतंय. आणि 'न्हाय, आधीचंच बरं होतं' वाटलं तर कंट्रोल आणि वाय, की गेलेलं परत पुढं हजर.

ती जिथं काम करायची त्याला कोड एडिटर म्हणतात. प्रोग्राम लिहायची पाटी म्हणा. तिथं प्रत्येक दोन ओळींनंतर तिचं बोट कंट्रोल आणि एसवर जायचं, म्हणजे लिहिलेलं जपून ठेव. आम्ही सांजच्याला दाराला कडी घालतो ना, तशी सवय. कंट्रोल आणि पी दाबून नावाची दोन अक्षरं मारली की पाहिजे ती फाईल समोर. कंट्रोल आणि जी दाबून आकडा सांगितला की थेट त्या ओळीवर. एखादी ओळ तात्पुरती नको असली तर पुसायची न्हाय, कंट्रोल आणि तिरकी रेघ. ओळ जागच्या जागी झोपती. परत दाबलं की उठून कामाला लागती. आणि आल्ट धरून वरचा बाण दाबला की अख्खी ओळ उचलून वरच्या घरात! मला तर गुदगुल्या व्हायच्या.

तेच फुकट खाणारं कंट्रोलचं बटन आता गावच्या पाटलागत झालं. त्याच्याशिवाय पान हलत न्हाय.

सुरुवातीला एक माऊस बी होता. घराचा लाडोबा. गुळगुळीत अंग, तळहाताखाली झोपून राहायचं, काम कमी नखरे जास्त. त्याची वायर खिडकीतनं बाहेर लोंबायची. एक दिवस कालवडीनं ती चघळली आणि माऊस मेला. दुसरा आणायला शेजारच्या वाशीला जाणं झालं न्हाय, आणि पंधरवड्यात शिवरंजनीला त्याची आठवण बी राहिली न्हाय. हात माझ्यावरनं उचलायचाच न्हाय, अशी तिची चाल पडली. कालवडीला मी आजबी दुवा देतो.

ती जो प्रोग्राम करत होती तो गावच्याच कामाचा. ईटमधी घरोघर भट्ट्या. गोरोबाचा टेम्पो खवा न्यायला यायचा, पण कुणाचा तयार, कुणाचा कच्चा, त्याला कळायचं न्हाय. गोरोबा गावभर भोंगा वाजवत फिरायचा, बाया ओरडायच्या, "अजून ओला हाय रं, थांब की!" आणि तो पुढं गेला की मागच्या घरचा खवा तसाच राहून आंबायचा. शिवरंजनीनं असं केलं की खवा झाला की बाईनं मोबाईलवर एक बटन दाबायचं, आणि गोरोबाच्या फोनवर त्या घराचं नाव उठायचं. गौराबाईनं पहिल्यांदा बटन दाबलं आणि गोरोबा दारात येऊन उभा राहिला, तवा म्हातारी म्हणाली, "अगं बया, मंतर घातल्यागत आला की मुडदा!"

हा प्रोग्राम पुण्यातल्या एका कंपनीला आवडला. तिथल्या चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या, "छान आहे. पण हे तूच लिहिलंयस ना, ते मला बघायचंय. व्हिडिओवर बसू. मी एक बदल सांगेन, तो माझ्यासमोर कर. जमलं तर नोकरी, आणि काम तुझ्या गावातूनच." वेळ ठरली दसऱ्याच्या आदल्या आठवड्यातली. ती पुढं ढकलली, परत ढकलली. शेवटी एका सकाळी फोन आला, "आज दुपारी चालेल का? उद्या आम्हाला सुट्टी." पोरीनं आनंदाच्या भरात "हो मॅडम" म्हणून टाकलं.

फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. खंडेनवमी होती.

तुमच्या घरात व्हती तशी आमच्या बी घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हती. गौराबाईनं पहाटेच ओसरी सारवून पाट मांडले होते. विळा, कुऱ्हाड, खवा ढवळायचं उलथणं, तराजू, अप्पांच्या मोटरसायकलची चावी, लॅपटॉप, आणि ह्या साली पहिल्यांदा मी. स्वतंत्र पाट! झेंडूचा हार! मी ताठ झालो. बाबूरावांच्या टपरीत माझ्यावर फक्त चहा सांडायचा.

आता नीट ऐका, घोळ इथंच झाला. त्या घरची रीत अशी की जे हत्यार वर्षभर लई राबलं, त्याला नैवेद्य आधी आणि थेट अंगाला लावायचा. विळ्याच्या धारेला, उलथण्याच्या टोकाला. गौराबाईनं आदल्या दिवशीच नातीला विचारून ठेवलेलं, "ह्याच्यात एवढी बटनं. लई राबतंय कोण?"

नात वेणी घालत होती. "कंट्रोल, आज्जी. डाव्या कोपऱ्यातलं. त्याच्याशिवाय माझं काय चालत न्हाय."

झालं! म्हातारीनं मला विभूती लावली, हळदकुंकू लावलं, आणि नुकता वळलेला कोमट पेढा घेऊन कंट्रोलच्या बटनावर ठेवला. पडू नये म्हणून अंगठ्यानं दाबून बसवला. वर म्हणाली, "खा बाबा. लई राबलास."

खोटं कशाला सांगू, माझं मन भरून आलं. पण पेढा बी भरून आला, बटनाच्या फटीत.

दुपारी शिवरंजनी मला घ्यायला आली तर गौराबाई आडवी आली.

"पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाय. उद्या शिलंगणाला."

"आज्जी, नोकरीचं काम हाय! उद्या त्या मॅडम न्हायत."

"मग त्यांना सांग परवा यायला."

"तुमी सांगता का पुण्याला?"

म्हातारी पाटापुढनं हलंना. मग पोरगी म्हणाली, "बरं, उचलत न्हाय. जिथं हाय तिथंच वापरते. मग चालेल?"

म्हातारीनं इचार केला. "वापर. पण पाटावरनं हलवायचा न्हाय."

म्हणून शिवरंजनी ओसरीवर मांडी घालून पूजेतच बसली. एका बाजूला कुऱ्हाड, एका बाजूला तराजू, माझ्या गळ्यात हार. पडद्यावर चंद्रप्रभा मॅडम आल्या आणि बघतच राहिल्या.

"मागे विळा का आहे?"

"मॅडम, खंडेनवमी हाय आज."

"आणि शेजारी आजी?"

"त्या राखणीला बसल्यात. मी कीबोर्ड उचलीन म्हणून."

मॅडम हसल्या. अप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, ते मात्र हसले न्हायत.

मॅडमनी काम सांगितलं. "तुझ्या प्रोग्राममध्ये सगळीकडे फक्त खवाच आहे. उद्या एखादीनं पेढा दिला, लोणी दिलं, तर? कुठलाही माल चालेल असं करून दाखव."

शिवरंजनीनं प्रोग्रामची मोठी फाईल उघडलेलीच होती. तिनं बोटं मोडली आणि एक शब्द टाइप करायला 'ए' दाबलं. नुसतं 'ए'. पण कंट्रोल पेढ्यानं खाली बसून राहिलेलं! कंट्रोल आणि ए म्हणजे 'सगळंच्या सगळं धर'. पडदाभर निळं झालं. ती दचकली, आणि दचकून खोडायचं बटन दाबलं. सगळं गेलं! महिन्यांचं काम, एक अक्षर शिल्लक न्हाय. आणि सवयीचं बोट, त्याला काय कळतंय? ते गेलं एसवर. जपून ठेव. कोरी पाटी जपून ठेवली गेली.

शिवरंजनी कोऱ्या पडद्याकडं डोळे फाडून बघायला लागली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काय न्हाय मॅडम... एक मिनिट." आणि मग तिनं उलट्या हातानं मला चापट मारली. असली की झेंडू उडाले. "भंगार! ह्या भंगारानं घात केला माझा! अप्पा म्हणत होते तेच खरं!"

भंगार.

मार मला नवा न्हाय. बाबूरावांच्या बोटांनी ह्याहून लई सोसलंय. पण तो शब्द तिच्या तोंडून आला.

त्यापेक्षा वाईट पुढं होतं. ती पुटपुटली, "फाईल बंद करून परत उघडते," आणि तिचं बोट डब्ल्यूकडं निघालं. कंट्रोल आणि डब्ल्यू म्हणजे फाईल बंद. अगं बाई, थांब! कोरी पाटी जपून ठेवलीस, आता बंद केलीस तर मागं फिरायची वाटच बुजली! कंट्रोल झेड तरी मग कशाला परत आणणार? मी आतल्या आत ओरडत होतो. माझं कोण ऐकतंय?

तिचा हात मधेच धरला गौराबाईनं.

"हात आखड! पुजलेल्याला मारतीस? सकाळी नैवेद्य दाखवलाय त्याला, आणि दुपारी चापट? आधी नमस्कार कर!"

"आज्जी, आत्ता न्हाय, मॅडम बघतायत..."

"बघू देत. त्यांना बी कळू दे आमच्या घरची रीत. डोकं टेक!"

पुण्याच्या मॅडमसमोर, भरल्या डोळ्यांनी, पोरगी वाकली. कपाळ माझ्यावर टेकायला आलं. आणि तेवढ्या जवळनं तिला दिसलं. डाव्या कोपऱ्यात कंट्रोल बाकीच्या बटनांपेक्षा खाली, आणि फटीतनं पिवळं काहीतरी डोकावतंय.

"आज्जी! हे काय हाय?"

"पेढा," म्हातारी म्हणाली, जसं काय दुसरं काय असणार.

शिवरंजनीनं आज्जीच्या अंबाड्यातला आकडा उपसला आणि खट्कन माझं बटन उचकटलं. तिथं मला जन्मात पहिल्यांदा वारं लागलं! पेढ्याची चकती निघाली. ती फेकणार तवर गौराबाईनं हातातनं घेतली. "प्रसाद हाय, टाकू नको," म्हणून तोंडात टाकली. पलीकडं मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

बटन पदरानं पुसून परत बसवलं. दाबलं तर खाली गेलं, सोडलं तर वर आलं. शिवरंजनीनं दम धरला. कंट्रोल. झेड.

आलं! सगळं आलं! आटलेल्या विहिरीला पावसाळ्यात एका रात्रीत पाणी यावं तसा पडदा वरपासून खालपर्यंत भरला.

"आलं का गं?" गौराबाई.

"आलं आज्जी! सगळं आलं!"

आणि मग काय, म्हातारा आणि पोरगी अशी सुटली की बघत राहावं! 'khava' ह्या शब्दावर जाऊन कंट्रोल आणि डी, तो शब्द धरला. परत कंट्रोल डी, खालचा धरला. परत, परत, जिथं जिथं खवा तिथं तिथं एकेक कर्सर उभा, रोपं लावल्यागत. मधी एक ओळ आली, खवा किती वेळात आंबतो त्याची. पेढा तसा लवकर आंबत न्हाय, म्हणून तिथं खवाच राहायला पाहिजे होता. तिथं तिनं कंट्रोल आणि के, मग कंट्रोल आणि डी दाबलं, म्हणजे 'हा सोड, पुढचा घे'. मग एकदाच 'maal' टाइप केलं, आणि सगळ्या जागी एका झटक्यात माल! बाबूराव, तुमी बघायला पाहिजे होतं हो! तुमचे सगळे सोमलिंग एका दमात रामलिंग झाले असते.

आल्टनं दोन ओळी वर नेल्या. शिफ्ट, आल्ट आणि खालचा बाण, ओळीची नक्कल काढली. एक ओळ झोपवली, एक उठवली. आणि शेवटाला कंट्रोल एस. ह्या वेळी भरलेली पाटी जपली.

"चालवून दाखव," मॅडम म्हणाल्या.

शिवरंजनीनं आज्जीच्या हातात मोबाईल दिला. "पेढ्यावर दाबा." म्हातारीनं दाबलं. अन् गौराबाईचाच फोन वाजला. पलीकडं गोरोबा तावातावानं.

"गौराआज्जी! पेढा तयार म्हणून आलंय माझ्या फोनवर! आज खंडेनवमीला पेढा कशाला काढला? टेम्पोला हार घातलाय म्या, आज जाग्यावरनं हलवणार न्हाय! बोंबला किती बी!"

ओसरी हसून हसून बेजार. मॅडमनी डोळे पुसले. "पोचला निरोप. शिवरंजनी, सोमवारपासून ये कामाला. म्हणजे येऊ नकोस, तिथंच बस. आणि तो कीबोर्ड जपून वापर."

ऐकलंत? पुण्याची परकी बाई, तिनं सुद्धा माझी इचारपूस केली.

दुसऱ्या दिवशी दसरा. शिलंगणावरनं आल्यावर अप्पा सगळ्यांना आपट्याची पानं देत होते. माझ्या पाटाशी आले, इकडं तिकडं बघितलं, कुणी बघत न्हाय अशी खात्री केली, आणि एक पान माझ्यावर ठेवलं. "सोनं घ्या," पुटपुटले. मला, तुमी म्हणून! मिशीवाल्या माणसाची माफी अशीच असती. म्या ती घेतली. गौराबाईनं बी आपले कान धरले. आता दर साली मला फक्त कोरडी विभूती, पेढा शेजारच्या वाटीत.

आज शिवरंजनीला कंपनीचा नवा लॅपटॉप हाय. मी पाटावरनं टेबलावर आलोय, तुमा पोरींसाठी. तुमच्यातली जाई तर माझ्यावर अशी बोटं मारती की मला परत कोर्टासमोर आल्यासारखं वाटतं. मारा, पण ऐका. माऊसच्या नादाला लागू नका. आधी कंट्रोल आणि एसची सवय लावून घ्या. घाबरलात तर काही बंद करायच्या आधी कंट्रोल झेड आठवा. आणि बटन अडलं तर म्हाताऱ्याला शिव्या द्यायच्या आधी त्याच्या फटीत बघा. माझं कंट्रोल आता पार घासलंय, त्यावरचं नाव बी दिसत न्हाय. ह्या वयात एवढी इज्जत कुणाला मिळती?

पण एक बाकी राहिली. त्या दिवशी तिनं मला नमस्कार केला, व्हय. पण तो आज्जीच्या धाकानं, आणि तिचे डोळे पेढ्यावर होते. तो नमस्कार मी धरत न्हाय. 'न्हाय टाकणार, काका' म्हणाली होती, आणि मला भंगार म्हणाली. त्याबद्दल अजून एक शब्द न्हाय. तिला वाटतं म्हातारा विसरला.

बघा, बोटं हळू पडायला लागली. कराराप्रमाणं म्या सांगीन तेच टाइप करायचं, बरं का. खोडलंस तर मी झेड मारून परत आणीन.

तर सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी माफी मागायची अजून बाकी असलेली व्यक्ती, धंदा प्रोग्राम लिहिणे, राहणार ईट, तालुका भूम, जिल्हा धाराशिव, हिचं नाव शिवरंजनी शंभुलिंग शेटे.